शेजारी देशांच्या करारातून खरंच एक कायदा तयार होतो का? पूर्व आफ्रिकेबद्दल विचारायचंय

सायली_सांगली

नमस्कार सगळ्यांना. एलएलएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डेझर्टेशनचा विषय पुढच्या पंधरवड्यात फायनल करून द्यायचाय. मला प्रादेशिक करारांवर काम करायचंय, म्हणजे चार-पाच शेजारी देश एकत्र येऊन करार करतात, मग त्यातून कोर्ट उभं राहतं, असेंब्ली उभी राहते, एकच कायदा सगळीकडे लागू होतो वगैरे. गाइड मॅडम म्हणाल्या की युरोपियन युनियन घे, मटेरियल भरपूर मिळेल. ते खरंय पण मला राहून राहून असं वाटतं की युरोपवर हजारो लोकांनी लिहून झालंय आणि त्यांची परिस्थिती पण वेगळी, पैसा होता, महायुद्धानंतरची भीती होती. मला असे देश हवेत जे आपल्यासारखे ब्रिटिशांच्या हाताखालून सुटले, पैसा कमी, एकमेकांवर संशय भरपूर, आणि तरीही त्यांनी हे करून बघितलं.

शोधता शोधता ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी सापडली. केनिया, युगांडा, टांझानिया आणि आता मिळून आठ देश. करार वाचला. कलम ८(४) मध्ये सरळ लिहिलंय की कम्युनिटीचे कायदे आणि संस्था तिथल्या देशांतल्या तशाच कायद्यांच्या वर राहतील. वाचून छान वाटलं पण मग प्रश्न पडला की लिहिलं म्हणून होतं का? उद्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाने सांगितलं की नाही मानत जा, तर टांझानियातल्या अरुशा शहरात कम्युनिटीचं जे कोर्ट आहे त्याच्याकडे ना पोलीस ना बेलिफ. मग हा कायदा आहे की नुसती सदिच्छा? तिकडे कोणी राहिलेलं असेल किंवा या विषयात काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, अगदी साधं निरीक्षण असलं तरी चालेल.

मोंबासा_ते_मिरज

सायली, मी वकील नाही, क्लिअरिंग-फॉरवर्डिंगमधला माणूस. मोंबासाला नऊ वर्षं काढली, आता मिरजेत असतो. तुझ्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर बाकीचे देतील, मी फक्त ट्रक कसा जातो ते सांगतो कारण माझ्या मते तुझं उत्तर तिथेच आहे.

युगांडाला समुद्र नाही. त्यांचा बहुतेक माल मोंबासा बंदरात उतरतो आणि रस्त्याने केनिया ओलांडून मलाबा किंवा बुसियाच्या नाक्यावरून आत जातो. पूर्वी काय व्हायचं, मोंबासाला केनियाच्या कस्टमचे कागद करा, ट्रान्झिट बॉण्ड (माल वाटेतच उतरवणार नाही याची हमी) भरा, मग मलाब्याला केनियाच्या बाजूला रांग, तिथून सुटलात की पलीकडे युगांडाच्या बाजूला पुन्हा तीच रांग, तेच कागद, तीच तपासणी. ड्रायव्हर तिथेच स्वयंपाक करायचे, आंघोळी करायचे, रांग कित्येक किलोमीटर. मोंबासा ते कंपाला दोन-अडीच आठवडे म्हणजे नॉर्मल समजायचं.

२०१४ पासून सिंगल कस्टम्स टेरिटरी सुरू झाली. त्यात कंपालाचा व्यापारी त्याची एन्ट्री युगांडाच्या सिस्टीममध्ये आधीच टाकतो, ड्युटी तिकडेच भरतो, आणि युगांडाच्या महसूल खात्याची माणसं मोंबासातच बसलेली असतात. तिथून रिलीज झाला की कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं आणि गाडी निघते. मलाब्याला आता वन स्टॉप बॉर्डर पोस्ट आहे, म्हणजे युगांडाकडे जाणारी गाडी केनियाच्या बाजूला थांबतच नाही, सरळ पलीकडे जाते आणि तिथे एकाच छपराखाली केनियाचा अधिकारी आणि युगांडाचा अधिकारी शेजारी-शेजारी टेबलावर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच थांबून बघत राहिलो, केनियाचा युनिफॉर्म घातलेला माणूस युगांडाच्या जमिनीवर बसून केनियाच्या कायद्याने शिक्का मारतोय. हे असंच नाही होत ना, दुसऱ्या देशाच्या मातीत आपला अधिकार चालवायचा तर त्याला कायदा लागतो. अरुशाच्या असेंब्लीने त्यासाठी वेगळा ॲक्ट केलाय. आता माल बहुतेक वेळा आठवड्याच्या आत कंपालाला पोचतो.

आणि दुसरी गोष्ट, कस्टमचं पुस्तकच एक आहे. ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी कस्टम्स मॅनेजमेंट ॲक्ट २००४. नैरोबीत भांडा नाहीतर दार-एस-सलामला भांडा, कलमांचे नंबर तेच. आमच्या ऑफिसातला टांझानियाचा पोरगा आणि केनियाचा पोरगा एकमेकांना कलम नंबरवरून समजावायचे, स्वाहिलीत बोलता बोलता मध्येच फक्त नंबर. बाहेरून येणाऱ्या मालाचा दर पण सगळ्यांचा सारखा, २००५ ला ०, १० आणि २५ टक्के असे तीन टप्पे केले, २०२२ ला चौथा ३५ चा आला. साखरेवर १०० टक्के, तांदळावर ७५, अशी काही वेगळी यादी आहे.

पण हे पण सांगतो, दर वर्षी जूनमध्ये बजेट आलं की प्रत्येक देश आपापल्या वस्तूंसाठी सूट मागतो, की या वर्षापुरता हा दर आम्हाला लावू नका. ती यादी कम्युनिटीच्या गॅझेटमध्ये छापून येते आणि आम्ही लोक जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती अक्षरशः बोट ठेवून वाचायचो कारण एक ओळ चुकली तर अख्खा कंटेनर अडकला. तर एक कायदा आहे, पण त्याला दर वर्षी भोकं पाडली जातात, आणि तरी ती भोकं पण त्याच गॅझेटमध्ये विचारून पाडावी लागतात. मला वाटतं यातली ही "विचारून" वाली गोष्ट महत्त्वाची आहे.

निखिल_ठाणे

वरची माहिती छान आहे पण मी थोडा वेगळा विचार मांडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रवांडाने युगांडाबरोबरचा गातुना नाका बंद केला, तो उघडला जानेवारी २०२२ च्या शेवटी. तीन वर्षं. दोघेही कम्युनिटीचे मेंबर, दोघांनीही कॉमन मार्केट प्रोटोकॉलवर सही केलेली ज्यात माणसं आणि माल मोकळेपणाने फिरतील असं लिहिलंय आणि जो २०१० पासून लागू आहे. नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकाच घरातली माणसं राहतात तिथे, त्यांचं काय झालं असेल? मार्च २०२१ ला केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका एका पत्राने बंद केला, अफलाटॉक्सिनचं, म्हणजे धान्यातल्या बुरशीच्या विषाचं कारण देऊन, नंतर काही दिवसांत अटी घालून उघडला. कांगो २०२२ ला आत आला आणि तिकडे पूर्व कांगोत जे चाललंय त्यावरून तो आणि रवांडा एकमेकांसमोर उभे आहेत. मग संस्था कशाला म्हणायचं? ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी दोन राष्ट्राध्यक्ष फोनवर काय बोलतात त्यावर सगळं ठरतं, कोर्टावर नाही. मला मनापासून वाटतं की हे चालावं, पण सायलीने हे पण लिहायला हवं.

वकील_नांदेड

निखिल बरोबर बोलतायत आणि तरीही चित्र तेवढंच नाही. मी प्रॅक्टिस करतो आणि संध्याकाळी लॉ कॉलेजला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो, हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

सायली, तू कलम ८(४) वर थांबलीस. थोडं पुढे कलम ३० वर जा. तिथे लिहिलंय की मेंबर देशात राहणारी कोणतीही व्यक्ती एखाद्या सरकारचा कायदा, निर्णय किंवा कृती कराराविरुद्ध आहे म्हणून सरळ अरुशाच्या कोर्टात जाऊ शकते. आधी आपल्या देशातली सगळी कोर्टं संपवून या अशी अट नाही. हे फार मोठं आहे. बहुतेक करारांत सरकारच सरकारविरुद्ध जाऊ शकतं आणि सरकारं एकमेकांविरुद्ध जात नाहीत, कारण उद्या आपल्यावर पण येईल. १९६७ च्या पहिल्या कम्युनिटीत, जी पुढे मोडली, कॉमन मार्केट ट्रिब्युनल होतं पण त्याचा दरवाजा सरकारांसाठीच होता. नव्या करारात हा दरवाजा माणसांना उघडला, आणि पोलीस नसलेलं कोर्ट जिवंत राहिलं ते याच्यामुळे.

आता २००६ ची गोष्ट सांगतो, ही केस तू वाचल्याशिवाय विषय फायनल करू नकोस. अरुशाच्या असेंब्लीवर प्रत्येक देशाच्या संसदेने नऊ मेंबर निवडून पाठवायचे असतात. केनियाने निवडणूक घेतलीच नाही, पक्षांनी नावं दिली आणि ती पुढे पाठवली. प्राध्यापक अन्यांग न्योंगो आणि आणखी काही जण कोर्टात गेले की याला निवडणूक म्हणत नाहीत. कोर्टाने २७ नोव्हेंबरला मनाई हुकूम दिला, या नऊ जणांना शपथ देऊ नका. नवी असेंब्ली बसायच्या ऐन तोंडावर! सगळं अडकलं. केनिया भडकलं, कोर्टावरच्या दोन केनियन न्यायाधीशांनी बाजूला व्हावं म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला. मग काय झालं, अडीच आठवड्यांत, १४ डिसेंबर २००६ ला, राष्ट्राध्यक्षांनी करारच बदलला. न्यायाधीशांना काढायची नवी कारणं घातली, म्हणजे आपल्या देशात तो निलंबित झाला तर इथूनही जाणार. कोर्टाचे दोन भाग केले, वर अपील विभाग. आणि व्यक्तीने केस आणायची तर दोन महिन्यांच्या आत आणायची अशी मुदत टाकली.

तुला वाटेल कोर्ट संपलं. पण मार्च २००७ ला त्याच न्यायाधीशांनी निकाल दिला, केनियाचे नियम कराराविरुद्ध आहेत, आणि केनियाला ते नऊ जण पुन्हा रीतसर निवडायला लागले. पुढे वकिलांची संघटना, ईस्ट आफ्रिका लॉ सोसायटी, करारातल्या त्या बदलालाच आव्हान द्यायला गेली. २००८ मध्ये कोर्ट म्हणालं की लोकांना न विचारता घाईने केलेली ही दुरुस्ती कराराच्या तत्त्वाला धरून नव्हती. दुरुस्ती रद्द नाही केली, तेवढी ताकद वापरली नाही, पण तीन देशांच्या प्रमुखांनी सही केलेल्या गोष्टीबद्दल हे लिहून ठेवलं. मी वर्गात हा भाग शिकवतो तेव्हा मुलं शांत होतात.

मग २००७ ची काताबाझी केस. युगांडात देशद्रोहाच्या आरोपातल्या चौदा जणांना हायकोर्टाने जामीन दिला, आणि हत्यारबंद माणसांनी कोर्टाला वेढा घालून त्यांना परत धरून नेलं. आता अरुशाच्या कोर्टाला मानवी हक्कांच्या केसेस चालवायचा अधिकार अजून दिलेलाच नाही, कलम २७(२) मध्ये तो पुढे कधीतरी म्हणून ठेवलाय. युगांडाने तेच म्हटलं. कोर्ट म्हणालं बरोबर, तो अधिकार आम्ही घेत नाही, पण करारात तुम्ही कायद्याचं राज्य पाळू असं वचन दिलंय आणि कराराचा अर्थ लावणं आमचं कामच आहे, केसमध्ये मानवी हक्कांचा उल्लेख आला म्हणून आम्ही ते काम सोडणार नाही. त्या एका वाक्यावर पुढच्या कितीतरी केसेस उभ्या राहिल्या. २०१४ ला तर नैरोबीच्या एका प्राणी संघटनेने टांझानियाला सेरेंगेटीतून डांबरी हायवे करण्यापासून रोखलं. विचार कर, केनियातली संस्था, टांझानियाचा रस्ता, आणि टांझानियाने अपील केलं, भांडले, पण ते त्याच कोर्टात भांडले.

युरोपशी तुलना करायची असेल तर युरोपियन कोर्टाची १९६३ ची व्हान गेंड एन लूसची केस आणि २०१९ चा अरुशाचा सिगारेटचा निकाल शेजारी ठेवून वाच. तिकडे जर्मनीतून रसायन आणणाऱ्या डच ट्रान्सपोर्ट कंपनीवरची ड्युटी ३ वरून ८ टक्के झाली होती, इकडे युगांडाने केनियात बनलेल्या सिगारेटला परदेशी धरून जास्त एक्साइज लावली. दोन्हीकडे एक साधा व्यापारी कर भरायला नको म्हणून कोर्टात गेला आणि सामायिक बाजार म्हणजे काय याचा अर्थ ठरून गेला.

निखिल, तुमच्या मुद्द्याला माझं उत्तर एवढंच की अशा कोर्टाची ताकद सैन्य हलवण्यात नसतेच. गातुना कोर्टाने उघडला नाही हे खरंय. आणि दोन महिन्यांच्या मुदतीने खूप नुकसान केलंय, युगांडा-टांझानियाच्या मोठ्या तेल पाइपलाइनविरुद्धची केस २०२३ ला नेमकी त्याच कारणाने बाहेर फेकली गेली, गुणदोषांवर एक अक्षर न बोलता. २००६ चा राग असा अजून वसूल होतोय. पण दक्षिणेकडे बघा, नामिबियातल्या विंडहोकचं सॅडकचं (SADC, आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांची संघटना) ट्रिब्युनल, त्याने २००८ ला झिम्बाब्वेविरुद्ध जमिनीच्या केसमध्ये निकाल दिला आणि २०१० ला राष्ट्रप्रमुखांनी ते ट्रिब्युनलच थांबवलं. अरुशाला चावा बसला पण ते उठून कामाला लागलं. असं का, हा माझ्या मते तुझ्या डेझर्टेशनचा खरा प्रश्न आहे. माझा अंदाज, कारण तिथल्या वकिलांना आणि व्यापाऱ्यांना तोपर्यंत ते आपलं कोर्ट वाटायला लागलं होतं.

दत्ता_फोंडा

सायलीबाय, मी कायद्याचा माणूस नाही, पण आमच्या घरात या कम्युनिटीचा एक कागद आहे म्हणून लिहितोय. आमचे आजोबा, आईचे वडील, मोंबासा बंदरावर कारकून होते. गोव्याची भरपूर माणसं तेव्हा तिकडे रेल्वेत, बंदरात, पोस्टात होती. १९७४ ला करांजा बोटीने परत आले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पगाराची स्लिप आहे, वर छापलंय ईस्ट आफ्रिकन हार्बर्स कॉर्पोरेशन. आजोबा आम्हाला ती दाखवून सांगायचे की माझं घर केनियात, माझ्या पगाराचं हेडऑफिस टांझानियात दार-एस-सलामला, रेल्वेने फिरायचो तिचं हेडऑफिस नैरोबीला आणि तार पाठवायचो त्या खात्याचं हेडऑफिस युगांडात कंपालाला. १९६७ च्या करारानंतर कोणी रुसू नये म्हणून ऑफिसं अशी वाटून दिली होती. विमान कंपनी पण तिघांची एकच, ईस्ट आफ्रिकन एअरवेज, मुंबईला यायची.

आणि तरीही मोडलं. १९७१ ला युगांडात अमीन सत्तेवर आला, टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे म्हणाले याच्या शेजारी मी बसणार नाही, आणि सगळे मोठे निर्णय तिघा प्रमुखांनीच घ्यायचे असल्यामुळे तिघे एका खोलीत येईनात म्हटल्यावर सगळंच थांबलं. वर केनियाला जास्त मिळतं ही तक्रार जुनीच होती. १९७७ ला विमान कंपनी बंद, फेब्रुवारीत टांझानियाने केनियाची सीमा बंद केली ती १९८३ पर्यंत, आणि त्याच वर्षी मध्यावर कम्युनिटीच संपली. आजोबा तेव्हा फोंड्यात होते पण त्यांचे जोडीदार तिकडेच होते, पत्रं यायची. आई सांगते की त्या दिवसांत आजोबा रेडिओजवळून उठायचे नाहीत. चुलत भाऊ भांडले तरी विहीर तोडत नाहीत, यांनी विहीर पण तोडली, असं म्हणायचे.

मग वाटणी. ती करायला स्वित्झर्लंडचे उंब्रिख्त म्हणून एक गृहस्थ नेमले, त्यांना कित्येक वर्षं लागली. इंजिनं, बोटी, इमारती, कर्जं, सगळं मोजून १९८४ च्या मे महिन्यात वाटणीपत्र झालं, केनिया ४२ टक्के, टांझानिया ३२, युगांडा २६. यात मला सगळ्यात विशेष काय वाटतं सांगू, त्याच वाटणीपत्रात एक कलम आहे की तिघे पुढे पुन्हा एकत्र काम करायच्या वाटा शोधतील. त्या ओळीला धरून १९९३ ला कमिशन झालं आणि ३० नोव्हेंबर १९९९ ला अरुशात नवा करार. आमच्याकडे घरं वेगळी होताना कोणी असं लिहून ठेवलेलं मी तरी बघितलं नाही.

काही गोष्टी मोडल्या पण नव्हत्या. ईस्ट आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक कंपालात चालूच राहिली. विद्यापीठांची परिषद राहिली. युगांडातल्या सोरोटीची वैमानिकांची शाळा राहिली. माणसांचं मात्र कठीण झालं. जुन्या कॉर्पोरेशनच्या लोकांच्या पेन्शनी आणि फंडाचे पैसे किती वर्षं रखडले. २०१० ला केनियाचे जुने कर्मचारी, एक जण आणि त्याच्यासोबत ७४८, नव्या कोर्टात गेले की आमचे पैसे द्या. वकीलसाहेब जास्त सांगतील, पण मी वाचलं त्याप्रमाणे कोर्ट म्हणालं की हा करार २००० साली लागू झाला, त्याच्या आधीच्या गोष्टींना तो लावता येत नाही. अपीलातही तेच. कायद्याने बरोबर असेल. पण ती माणसं आजोबांच्या वयाची होती, मला ते वाचून रात्री झोप आली नाही.

वकील_नांदेड

दत्ताभाऊ, तुमचं बरोबर आहे, मागे जाता येत नाही म्हणूनच ती केस गेली. आणि तुम्ही जे लिहिलंत ते सायलीला कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

सायली, यावरून एक सांगायचं राहिलं. १९९९ च्या कराराची प्रस्तावना मुद्दाम वाच. सहसा प्रस्तावनेत मैत्री आणि बंधुभाव असतो. यात त्यांनी पहिली कम्युनिटी का मोडली त्याची कारणं लिहून ठेवलीत, राजकीय इच्छा नव्हती, सामान्य लोकांचा आणि खासगी क्षेत्राचा सहभाग नव्हता, फायदा सारखा वाटला गेला नाही. स्वतःच्या चुका करारातच लिहिणारे देश मी फार बघितले नाहीत. कलम ३० तिथूनच आलंय असं मी मानतो. लोक नव्हते म्हणून मोडलं, तर आता लोकांना कोर्टात येऊ द्या.

आणि आपल्या मुंबईचा धागा पण आहे. १९०२ ला पूर्व आफ्रिकेचं अपील कोर्ट झालं, त्याआधी झांझिबारच्या ब्रिटिश कोर्टाची अपीलं मुंबई हायकोर्टात यायची. आपला कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, एव्हिडन्स ॲक्ट, पीनल कोड तिकडे जसेच्या तसे लागू होते, रुपया चलन होतं. टांझानियाचा करार कायदा आणि पुरावा कायदा वाच, तुला प्रथम वर्षाचा अभ्यास आठवेल. म्हणजे केनिया, युगांडा, टांझानियाच्या वकिलांची भाषा आधीच एक होती, करारामुळे झाली असं नाही. रवांडा आणि बुरुंडी २००७ ला आले ते बेल्जियन पद्धतीचे, तिथे कोड वेगळं, फ्रेंच वेगळी, तिथे जोडकाम खरं अवघड झालं. तो एक चॅप्टर होईल.

निखिल_ठाणे

वकीलसाहेब, पटलं बऱ्यापैकी. २००६ ची केस मला माहीत नव्हती. एकच विचारतो, मग आपल्याकडे सार्कमध्ये हे का नाही झालं?

वकील_नांदेड

सार्कच्या १९८५ च्या सनदेत शेवटी शेवटी दोन ओळी आहेत, कलम १०. सगळे निर्णय एकमताने, आणि द्विपक्षीय किंवा वादाचे विषय चर्चेला घ्यायचे नाहीत. कोर्ट नाही, असेंब्ली नाही, तुम्हाआम्हाला जायला दार नाही. शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली. एकमताची अट अरुशातही आहे, प्रमुखांचे निर्णय तिथेही सहमतीनेच होतात आणि त्याचा त्रासही होतो, पण राष्ट्रप्रमुख बोलत नसले तरी मलाब्याचा नाका आणि कोर्टाचं रजिस्टर चालू राहतं. मला आपल्याकडे हे व्हावंसं फार वाटतं, वाघा किंवा बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलला दोन्हीकडचे कस्टमवाले एका टेबलावर बसलेले बघायचेत. माझ्या हयातीत होईल की नाही ठाऊक नाही.

मोंबासा_ते_मिरज

पेट्रापोलची रांग मी बघितलीय, जुनी मलाबा आठवते अगदी. सायली, तुला कस्टम्सचं गॅझेट कसं वाचायचं ते हवं असेल तर मेसेज कर, फोनवर तासभर बोलू, मला आनंदच आहे. आणि जमलं तर मुदतीच्या बाहेर किती केसेस गेल्या ते मोज, कोर्टाचे निकाल नेटवर आहेत, मेहनत लागेल पण आकडा तुझा स्वतःचा असेल.

सायली_सांगली

खरंच खूप खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री न्योंगोचा निकाल पूर्ण वाचला, आधी मनाई हुकूम मग अंतिम, पहाटे तीन वाजले. मॅडमना सकाळी जाऊन भेटले आणि विषय बदलून घेतला. २००६ ची दुरुस्ती, दोन महिन्यांची मुदत आणि तिचा व्यक्तींच्या दाव्यांवर झालेला परिणाम, असा. मॅडमनी आधी भुवया वर केल्या, मग मी प्रस्तावना वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या हे फोटोकॉपी करून मला दे.

मोंबासाकाका, मी रविवारी फोन करते, गॅझेट समोर घेऊन बसेन. दत्तादादा, एक विनंती होती, त्या पगाराच्या स्लिपचा फोटो मिळेल का? नाव आणि नंबर झाकून चालेल, मला फक्त वरचा छापील मथळा आणि तारीख हवीय, पहिल्या पानावर लावायचीय.

दत्ता_फोंडा

मिळेल की. ट्रंक आईच्या खोलीत आहे, तिला विचारून शनिवारी काढतो. कागद घडीवर फाटलाय, हळू उलगडायला लागेल. नाव झाकायची गरज नाही, आजोबांना आवडलं असतं, पण आईला विचारून सांगतो.